चोरलेल्या माटोळीचा पाठपुरावा : गूगलच्या कॉपीराइट तक्रार अर्जाचे परीक्षण

चवथीच्या दिवसांत गोव्यातील हिंदू घरांत गणपतीच्या मूर्तीच्या वर, लाकडी चौकटीला टांगून, जी माटोळी बांधली जाते, तिच्यातील रानफळे, फुले आणि वेली यांची नोंद मी गेली नऊ वर्षे माझ्या संकेतस्थळावर ठेवीत आले आहे. फोंडा, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतील घरांत जाऊन काढलेली छायाचित्रे, प्रत्येक वनस्पतीचे त्या त्या गावातील नाव, ती कोणत्या जागी आढळते याचे वर्णन, आणि ज्यांनी ती रानातून आणली किंवा जिचे नाव मला सांगितले त्यांचा उल्लेख, असे या नोंदींचे स्वरूप आहे. गेल्या वर्षी चवथीच्या तोंडावर यांपैकी ४१ पाने आणि त्यांवरील जवळजवळ सर्व छायाचित्रे सण व पर्यटन या विषयांवरील एका संकेतस्थळाने उचलली. काही पाने जशीच्या तशी होती, तर काहींतील शब्द यंत्राकडून फिरवून घेतलेले होते. तो मजकूर तेथून दूर व्हावा म्हणून मी पुढील पाच महिने ज्या सेवा वापरल्या, त्यांत गूगलचा कॉपीराइट तक्रार अर्ज सर्वांत उपयोगी ठरला. हा अर्ज विनामूल्य आहे आणि कोणालाही भरता येतो. तरीही माझ्या परिचयातील गोव्याच्या छायाचित्रकारांपैकी आणि पाककृती लिहिणाऱ्या भगिनींपैकी फारच थोड्यांनी तो उघडून पाहिलेला आहे. त्यामुळे त्याचे गुण आणि मर्यादा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

अर्जाकडे वळण्यापूर्वी या चोरीने काय बिघडले ते सांगते, कारण ‘आपला मजकूर अधिक लोकांपर्यंत पोहोचला, त्यात वाईट काय’ असे मला अनेकांनी विचारले आहे. माटोळीत बांधले जाणारे कवंडळ पिकल्यावर तांबडेलाल आणि अतिशय देखणे दिसते, परंतु ते कडू असून खाण्याचे फळ नव्हे. माझ्या पानावर ‘हे केवळ शोभेसाठी बांधतात, मुलांच्या हाती देऊ नये’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. शब्द फिरविताना त्या संकेतस्थळावर नकार गळून पडला आणि ‘हे शोभेचे तसेच मुलांच्या आवडीचे फळ आहे’ असे वाक्य तयार झाले. ते वाचताना माझे हातपाय गार पडले, कारण खाली छायाचित्र माझे होते आणि ओळखीच्या माणसाला ते माझेच म्हणून कळले असते. दुसरी गोष्ट याहून मनाला लागणारी होती. सावईवेरे येथील एका आजींनी मला कांगणी, नागुलकुडो आणि घागऱ्या यांच्यासह तीसहून अधिक वनस्पती ओळखायला शिकविल्या, आणि त्या प्रत्येक पानाच्या शेवटी मी त्यांचा उल्लेख करीत असते. उचललेल्या पानांवरून नेमकी तीच ओळ कापलेली होती. आजींनी ही माहिती मला ओटीवर बसवून, माझ्या घरची माणसे ओळखून, विश्वासाने दिली होती. जाहिरातींच्या मधल्या जागेत ती निनावी होऊन पडावी यासाठी दिली नव्हती. तेव्हा एकदा चोरी लक्षात आल्यावर स्वस्थ बसणे मला शक्य नव्हते.

गूगलचा हा अर्ज अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यावर आधारलेला आहे. फोंड्यात बसून अमेरिकेच्या कायद्याने तक्रार करायची हे सुरुवातीला विचित्र वाटते, परंतु कंपनी अमेरिकेची असल्याने तिची कार्यपद्धतीही त्या कायद्याच्या चौकटीत बसविलेली आहे. आपल्या हक्काचा पाया मात्र भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे, आणि भारत व अमेरिका हे दोन्ही देश कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय कराराचे सदस्य असल्यामुळे येथे निर्माण झालेल्या कृतीला तेथेही संरक्षण मिळते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेख लिहिला किंवा छायाचित्र काढले की त्यावरील हक्क त्याच क्षणी उत्पन्न होतो आणि त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. दिल्लीतील कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीची नोंदणी ५०० रुपयांत करता येते आणि वाद न्यायालयात गेला तर ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण गूगलचा अर्ज भरताना नोंदणी क्रमांकाची अट नाही. ‘आमची नोंदणी नाही, मग आम्ही काय करणार’ असे म्हणून हातावर हात ठेवून बसलेली किमान चार माणसे मला ठाऊक आहेत.

अर्ज उघडल्यावर प्रथम गूगलच्या कोणत्या सेवेविषयी तक्रार आहे ते निवडावे लागते. शोध, ब्लॉगर, यूट्यूब आणि जाहिराती या सेवांची वाट वेगवेगळी आहे, आणि एकाच चोराने शोधात, ब्लॉगवर आणि व्हिडिओत असा तिन्हीकडे हात मारला असेल तर तीनदा लिहावे लागते. ही या सेवेतील पहिली उणीव म्हणता येईल. त्यानंतर आपले नाव, देश, ईमेल, मूळ कृतीचे थोडक्यात वर्णन, मूळ कृती जेथे पाहता येते त्या पानाचा पत्ता, आणि चोरलेली कृती जेथे आहे त्या पानाचा पत्ता द्यावा लागतो. शेवटी दोन प्रतिज्ञा असतात. या वापराला हक्कधारकाची, त्याच्या प्रतिनिधीची किंवा कायद्याची परवानगी नाही असे आपण प्रामाणिकपणे मानतो, ही पहिली. दिलेली माहिती अचूक आहे आणि आपण हक्कधारक किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी आहोत असे शपथेवर सांगतो, ही दुसरी. खाली आपले पूर्ण नाव टंकलिखित केले की ती स्वाक्षरी समजली जाते. या प्रतिज्ञा डोळे मिटून खूण करण्यासारख्या नाहीत. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच कायद्याने टाकलेली आहे.

माझा पहिला अर्ज निष्फळ ठरला आणि त्यात चूक पूर्णपणे माझी होती. रागाच्या भरात मी चोराच्या मुखपृष्ठाचा एकच पत्ता दिला आणि ‘या संकेतस्थळावरील सर्व मजकूर माझा आहे’ असे लिहिले, जे खरेही नव्हते, कारण तेथे इतर अनेकांचाही मजकूर होता. दुसऱ्या वेळी मी एक तक्ता तयार केला: डाव्या बाजूला माझ्या पानाचा पत्ता, उजव्या बाजूला त्यांच्या पानाचा, आणि छायाचित्रांसाठी चित्राच्या फाइलचा पत्ता तसेच ते चित्र ज्या पानावर लावलेले आहे त्या पानाचाही. या कामाला माझे तीन रात्रींचे जागरण झाले. पण त्या अर्जातील पहिल्या १९ पानांचा निकाल चौथ्या दिवशी ईमेलने आला, पाठोपाठ उरलेल्यांचाही आला, आणि ‘माटोळीतील रानफळे’ असे शोधल्यावर जे चोरलेले पान माझ्या पानाच्या वर दिसत होते ते शोधाच्या निकालांतून नाहीसे झाले. प्रत्येक पत्त्याची स्थिती वेगळी दाखविली जाते, त्यामुळे कोणता मान्य झाला आणि कोणता अडला ते स्पष्ट कळते. नेमक्या पत्त्यांची ही मागणी प्रथम जाचक वाटते, परंतु तिच्यामागे कारण आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही २०१६ साली मायस्पेस हे संकेतस्थळ आणि सुपर कॅसेट्स ही संगीत कंपनी यांच्यातील प्रकरणात मध्यस्थ, म्हणजे इतरांचा मजकूर दाखविणाऱ्या, कंपनीला विशिष्ट मजकुराची विशिष्ट माहिती असणे आवश्यक मानले होते. सरसकट तक्रारीवर सरसकट मजकूर हटविला जाऊ लागला, तर उद्या कोणीही उठून माझेच पान खाली उतरवू शकेल, हे तक्ता भरता भरता मला पटत गेले.

आता मर्यादा. या अर्जाने चोराच्या दुकानाची पाटी उतरते, माल मात्र दुकानातच राहतो. शोधाच्या निकालांतून पान गेले तरी ज्याच्याकडे थेट पत्ता आहे त्याला ते उघडता येते, आणि कोणी तो दुवा व्हॉट्सॲपवर फिरविला तर गूगल त्यात काही करू शकत नाही. तरीही अशा संकेतस्थळांची कमाई बहुतांशी शोधातून येणाऱ्या वाचकांवर आणि त्यांना दाखविलेल्या जाहिरातींवर चालते, म्हणून पाटी उतरणे ही लहान गोष्ट नव्हे. ज्या संकेतस्थळाविरुद्ध वैध तक्रारी मोठ्या संख्येने येतात त्याचे शोधातील स्थान खाली जाऊ शकते, असे धोरण गूगलने ऑगस्ट २०१२ मध्ये जाहीर केलेले आहे. त्यामुळे ज्यांची ज्यांची पाने चोरलेली आहेत त्या प्रत्येकाने आपापली तक्रार नोंदविण्याला अर्थ आहे. त्या संकेतस्थळावर मला रत्नागिरीकडील एका पाककृती-लेखिकेची आणि सावंतवाडीच्या एका पक्षीनिरीक्षकाची छायाचित्रे दिसली. मी दोघांनाही कळविले, माझा तक्ता नमुना म्हणून पाठविला, आणि दोघांनीही आपापले अर्ज स्वतः भरले. दुसऱ्याच्या कृतीबद्दल आपण तक्रार करू शकत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

दुसरी मर्यादा विशेषतः स्त्रियांनी आणि टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी समजून घ्यावी. गूगलकडे आलेल्या तक्रारीची प्रत ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाकडे पाठविली जाऊ शकते. हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन क्लाइन केंद्रात उभा राहिलेला हा संग्रह मजकूर हटविण्याच्या मागण्यांचा अभ्यास करता यावा म्हणून आहे, आणि कोणी कोणाचा आवाज दाबत आहे ते समाजाला दिसावे हा त्यामागील हेतू मला मान्य आहे. दूरध्वनी आणि घरचा पत्ता तेथे झाकला जातो, परंतु तक्रारदाराचे नाव दिसू शकते. शिवाय ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यापर्यंतही तिचा तपशील पोहोचू शकतो. त्यामुळे मी या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता उघडला आहे आणि तोच सर्वत्र देते. खोटे नाव देण्याचा विचार कोणी करू नये, कारण वर सांगितलेली प्रतिज्ञा शपथेवरची असते.

उलट निवेदनाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. मजकूर हटविला गेल्यावर ‘तो माझाच आहे’ किंवा ‘मला परवानगी होती’ असे समोरचा लिहून देऊ शकतो. तसे झाल्यास अमेरिकेच्या कायद्यानुसार तक्रारदाराने न्यायालयात दावा दाखल केल्याचे कळविले नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर पुन्हा दिसू लागतो. गोव्यातील एका लेखिकेने त्यासाठी अमेरिकेत दावा लावणे ही अशक्यकोटीतील गोष्ट आहे, आणि या व्यवस्थेतील सर्वांत मोठा असमतोल मला येथेच दिसतो. माझ्या प्रकरणात उलट निवेदन आले नाही. त्यात खरे नाव व पत्ता देऊन न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करावे लागते, आणि लपून काम करणारा माणूस तेथपर्यंत सहसा येत नाही.

मालासाठी, म्हणजे प्रत्यक्ष मजकूर उतरविण्यासाठी, होस्टिंग कंपनी, म्हणजे ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ते संकेतस्थळ ठेवलेले असते ती, गाठावी लागते. संकेतस्थळाचा मालक कोण हे पूर्वी हूइज या संकेतस्थळ-नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत दिसत असे. युरोपीय महासंघाचा माहिती संरक्षण नियम मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून व्यक्तींची नावे बहुधा झाकलेली असतात. संकेतस्थळांच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या शोधपानावर ते नाव नोंदविणारी कंपनी आणि तिचा गैरवापर-तक्रारीचा पत्ता मात्र मिळतो. माझ्या चोराचे संकेतस्थळ क्लाउडफ्लेअर या, संकेतस्थळ आणि वाचक यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या सेवेच्या आडोशाला होते, त्यामुळे खरा होस्ट दिसत नव्हता. क्लाउडफ्लेअरच्या तक्रार पानावर अर्ज केल्यावर त्यांनी तक्रार पुढे पाठविल्याचे आणि मूळ होस्टचे नाव कळविले; आडोसा देणाऱ्या सेवेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये आणि याहून कमी स्वीकारू नये. तो होस्ट मात्र आडमुठा निघाला. यंत्राने पाठविलेल्या दोन पोचपावत्यांनंतर तीन आठवडे काहीही घडले नाही, आणि मग ‘मालकाशी थेट संपर्क साधावा’ असे उत्तर आले, जेव्हा मालकाचे नाव त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. मी दुसरे पत्र लिहिले, त्यात त्यांच्याच नियमावलीतील कॉपीराइटचा परिच्छेद उद्धृत केला, तक्ता पुन्हा जोडला, आणि नाव नोंदविणाऱ्या कंपनीलाही प्रत पाठविली. त्यानंतर नऊ दिवसांनी ३५ पाने उतरली.

भारतीय कायद्यातील तरतुदी वापरून पाहाव्यात असे मला मनापासून वाटत होते. दुवे किंवा प्रवेश पुरविण्यासाठी होणाऱ्या तात्पुरत्या साठवणीबाबत १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने एक व्यवस्था केलेली आहे. हक्कधारकाची लेखी तक्रार आल्यावर २१ दिवस किंवा न्यायालयाचा आदेश येईपर्यंत तो प्रवेश थांबवावा लागतो, आणि २०१३ च्या नियमांतील ७५ व्या नियमानुसार त्यासाठी ३६ तासांची मुदत आहे. २१ दिवसांत आदेश आणला नाही तर प्रवेश पुन्हा सुरू करता येतो. दावा आपण जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दाखल करण्याची मुभा कलम ६२ देते, म्हणजे मला मुंबई-दिल्ली गाठावी लागली नसती. पणजीतील एका वकिलांनी हे सर्व नीट समजावून सांगितले आणि शेवटी प्रामाणिकपणे असेही सांगितले की अनोळखी प्रतिवादीविरुद्ध माटोळीच्या छायाचित्रांसाठी हा खर्च परवडणार नाही. चित्रपट कंपन्यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, आदेशानंतर नव्या नावाने उगवणाऱ्या चोरट्या संकेतस्थळांनाही लागू होईल असा मनाई आदेश दिला होता, परंतु त्यांची ताकद वेगळी असते. फेसबुकसारख्या सेवांबाबत मात्र २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे बंधनकारक आहे, आणि तेथे या मार्गाने लिहिण्याचा फायदा होतो.

याच काळात एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी मजकूर हटवून देणाऱ्या एका सशुल्क सेवेचे वार्षिक सदस्यत्व घेतले होते. त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. त्यांनी माझ्या नावाने सरसकट नोटिसा पाठविल्या, आणि त्यांतील एक डिचोलीकडील एका महाविद्यालयीन मुलीच्या प्रकल्प-पानाविरुद्ध गेली. तिने माझ्या नोंदीतील दोन वाक्ये अवतरण चिन्हांत, माझ्या नावासह आणि माझ्या पानाच्या दुव्यासह घेतली होती. भारतीय कायद्याच्या कलम ५२ मध्ये अभ्यासासाठी अशा न्याय्य वापराला जागा आहे, आणि कायद्यात ती नसती तरीही मला तो वापर हवाच होता. त्या मुलीचा ‘ताई, माझे काय चुकले?’ असा संदेश आला तेव्हा मला अतिशय लाज वाटली. मी तिची क्षमा मागितली, नोटीस मागे घेतली आणि सदस्यत्व रद्द केले. आपल्या नावाची शपथ दुसऱ्याच्या यंत्राच्या हाती देऊ नये, हे मी तेव्हापासून कटाक्षाने पाळते. गूगलचा अर्ज स्वतः भरताना प्रत्येक पान उघडावे लागते, वाचावे लागते, आणि त्या वाचण्यातच चोरी कोणती आणि उपयोग कोणता हे कळते. म्हणूनच अर्जातील कंटाळवाणेपणा मी त्याच्या दोषांत धरीत नाही.

वाचून ठरविताना आणखी एक गोष्ट स्वतःला बजावावी लागते. माटोळीत काय बांधतात ही माहिती माझी नाही. ती गोव्यातील घराघरांची आहे, आणि कॉपीराइट माहितीला मिळत नाही, मांडणीला मिळतो. म्हापशाच्या बाजारात माटोळीचे सामान विकायला बसणाऱ्या बायका तीच नावे रोज घेतात. एका शिक्षकांनी माझ्या पानावरून वनस्पतींची यादी घेऊन स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या छायाचित्रांसह लेख लिहिला. त्यांनी उल्लेख केला असता तर मला आनंद झाला असता, पण त्याविरुद्ध तक्रार करण्याचा मला हक्क नव्हता आणि मी ती केली नाही.

अर्ज भरण्याआधीची तयारी हा या सर्व कामाचा अर्धा भाग आहे. चोराला पत्र पाठविण्याच्या आधी त्याचे प्रत्येक पान आणि आपले मूळ पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून ठेवावे, म्हणजे दोन्हींच्या अस्तित्वाची तारीख तिसऱ्याच्या नोंदीत राहते. दिनांकासह पडद्याची चित्रेही घ्यावीत. कॅमेऱ्यातील मूळ फाइल कधीही पुसू नये. चोराकडे लहान केलेली प्रत असते, पूर्ण आकाराची फाइल आणि तिच्या आधीची-नंतरची चित्रे केवळ आपल्याकडे असतात. प्रकरण पुढे न्यायालयात गेले तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते, याचीही कल्पना असावी.

चोरी मुळात लक्षात कशी आली, हे काहींनी विचारले होते. मी माझ्या प्रत्येक पानात इतरत्र सहज आढळणार नाही असे एखादे वाक्य ठेवते आणि ते अवतरण चिन्हांत घालून गूगल अलर्टमध्ये नोंदवते, म्हणजे ते कोठे नव्याने दिसल्यास ईमेल येतो. मराठी वाक्यांवरही ते काम करते. छायाचित्रांसाठी गूगल लेन्स आणि टिनआय ही चित्रावरून चित्र शोधणारी साधने महिन्यातून एकदा पाहते. यावेळी मात्र माझ्याच सर्व्हरच्या नोंदीने खबर दिली. चोराने सहा छायाचित्रे उतरवून घेण्याचेही कष्ट घेतले नव्हते. ती त्याच्या पानावर माझ्या सर्व्हरवरून थेट दिसत होती आणि त्या वाहतुकीचे पैसे मी भरत होते. दुसऱ्याच्या पानावर आपली चित्रे उघडू न देणारे संरक्षण सुरू करताच तेथे रिकाम्या चौकटी दिसू लागल्या. उरलेली पाने माझ्या आरएसएस फीडमधून, म्हणजे नवा मजकूर वाचकांच्या साधनांकडे आपोआप पाठविणाऱ्या सोयीतून, आपोआप उचलली जात होती, इतकी की नवे पान प्रसिद्ध केल्यानंतर अर्ध्या तासात ते तेथे हजर होत असे. वर्डप्रेसच्या वाचन विभागात फीडमध्ये पूर्ण मजकुराऐवजी सारांश देण्याची सोय आहे. ती निवडल्यापासून ही आपोआपची उचल थांबली. फीडमधून नियमित वाचणाऱ्या काही वाचकांची त्यामुळे गैरसोय झाली, आणि त्याबद्दल मला वाईट वाटते. छायाचित्राच्या कोपऱ्यातील नाव कापणे सोपे असते, म्हणून आता मी ते सुपारीच्या शिपट्याच्या किंवा केळीच्या घडाच्या छायेवर फिकट अक्षरांत घालते. हक्कधारकाची ओळख देणारी माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५ख नुसार स्वतंत्र गुन्हा आहे, ही गोष्ट मी होस्टला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात नमूद केली होती.

यूट्यूबचा अनुभव थोडक्यात सांगते. घोडेमोडणी या गोव्यातील लोकनृत्याच्या माझ्या व्हिडिओच्या दोन प्रती तेथील कॉपीराइट मॅच टूलने स्वतःहून दाखविल्या. एका प्रतीचा मालक साधा उत्साही मुलगा वाटल्याने मी सात दिवसांची पूर्वसूचना देण्याचा पर्याय निवडला आणि त्याने ती स्वतःच काढली. दुसरी लगेच हटविण्याची मागणी केली. संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण व्हिडिओ चोरला असेल तर हे साधन चांगले आहे. पाच-दहा सेकंदांचे तुकडे ते पकडील अशी आशा धरू नये.

गूगलच्या अर्जाला मी पाचांपैकी चार गुण देते. एक गुण सेवांगणिक वेगवेगळ्या अर्जांसाठी आणि नाव उघड होण्याच्या बाबतीत अर्जदाराला पुरेशा ठळकपणे सावध न केल्याबद्दल कापला आहे. मोफत, नेमके आणि लेखी उत्तर देणारे याहून चांगले साधन लहान लेखकाच्या हाती सध्या नाही.

गूगलमधून पाने गेल्यावर काम संपले असे मी समजले होते, पण महिनाभराने एका वाचकाने कवंडळाचे तेच चुकीचे पान डकडकगो हे दुसरे शोधयंत्र वापरून शोधून मला पाठविले. डकडकगोचे निकाल मोठ्या प्रमाणावर बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्राकडून येतात, आणि बिंगसाठी मायक्रोसॉफ्टचा स्वतंत्र अर्ज आहे. माझा तक्ता तयारच होता, त्यामुळे तो भरायला वीस मिनिटे पुरली आणि त्या आठवड्याअखेर ते पान तेथूनही गेले. होस्टने न उतरविलेल्या सहा पानांपैकी आता दोनच उरली आहेत. त्यांत कवंडळ नाही, पण आजींच्या अंगणातील कांगणीचे छायाचित्र आहे, आणि त्यासाठीचे तिसरे पत्र मी काल पाठविले आहे.